बाजारभावाचं टूल एआय एजंटला समजावून सांगताना

खेड तालुक्यात ज्याची कोथिंबीर काढणीला आली आहे, त्याच्यापुढे रात्री एकच प्रश्न असतो. टेम्पो मोशीला उतरवायचा, की तसाच पुढे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डला न्यायचा? मोशीचा उपबाजार नाशिक रस्त्यावर वाटेतच लागतो. गुलटेकडीला गिऱ्हाईक जास्त, पण भाडं वाढतं आणि वेळही जातो. आजवर हा प्रश्न ओळखीच्या आडत्याला फोन लावून सुटायचा. आता तो फोनमधल्या एआय मदतनिसालाही विचारला जातो. मदतनीस लगेच, स्वच्छ मराठीत उत्तर देतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. ते बरोबर असेल की नाही, हे मात्र शेतकऱ्याला कधीच न दिसणाऱ्या एका मजकुरावर बरंचसं अवलंबून असतं. तो मजकूर म्हणजे बाजारभाव आणून देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते टूल काय देतं आणि कसं वापरायचं याची लिखित माहिती.

हा लेख त्या मजकुराबद्दल आहे. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत टूल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मार्केट यार्डात भाव कसा निघतो हे जाणणारेही पुष्कळ. या दोघांमध्ये जे बोलणं व्हायला हवं, ते शेवटी या मजकुरातच उतरायला हवं. तिथे आपण फार घाई करतो, असं माझं ठाम मत आहे.

एजंटला टूल कसं दिसतं

एआय मदतनिसामागे जे भाषा मॉडेल असतं, त्याला आजचा कांद्याचा भाव माहीत नसतो. त्याचं शिक्षण काही महिन्यांपूर्वी किंवा वर्षापूर्वी संपलेलं असतं. म्हणून ताजी माहिती आणून देणारे छोटे प्रोग्रॅम त्याच्या हाताशी ठेवतात, त्यांना टूल म्हणतात. कोणतं टूल कधी वापरायचं, त्याला काय विचारायचं आणि आलेल्या उत्तरावरून पुढचं पाऊल काय टाकायचं, हे स्वतः ठरवत काम पुढे नेणारी व्यवस्था म्हणजे एजंट.

संवाद सुरू होताना एजंटच्या हाती टूलची यादी येते. प्रत्येक टूलपुढे त्याचं नाव, चार-सहा ओळींचं वर्णन आणि कोणकोणती माहिती कोणत्या स्वरूपात भरून द्यायची याचा आराखडा असतो. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या खुल्या मानकातही टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. मॉडेल ती यादी वाचतं आणि विनंती लिहितं. टूल चालतं, उत्तर मजकुराच्या रूपात परत येतं आणि मॉडेल ते वाचून माणसाला सांगतं.

या सगळ्यात मॉडेल टूलचा कोड एकदाही बघत नाही. माणसाला एखादी गोष्ट अडली, तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो, कोड उघडतो, नाहीतर दोनदा चालवून बघतो. एजंटला सहसा यातलं काहीच करता येत नाही. मागच्या संवादात काय शिकायला मिळालं, हेही बहुतेक वेळा त्याच्याजवळ उरलेलं नसतं. प्रत्येक नव्या प्रश्नाला तो ते वर्णन पहिल्यांदाच वाचत असतो. त्यामुळे वर्णनात जे लिहिलेलं नाही, ते तो स्वतःच्या सामान्य समजुतीने भरून काढतो. ही समजूत जगभरच्या मजकुरावर पोसलेली असते, त्यात गुलटेकडीचा वाटा फारच लहान.

"बाजारातला डेटा आणून देतो" एवढंच वर्णन असलेली टूल्स मी पाहिली आहेत. या एका ओळीतून एजंटला कळत नाही की बाजार म्हणजे शेअर बाजार की भाजीचा, डेटा आजचा की महिन्याभराचा आणि भाव किलोचा की क्विंटलचा.

एक ओळ जवळून बघू

राज्य कृषी पणन मंडळाचं मुख्यालय गुलटेकडीलाच आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव जसे दिसतात, त्याच धर्तीची एक ओळ घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, रचना खरी आहे.

बाजार: पुणे. शेतमाल: कांदा. जात/प्रत: लोकल. परिमाण: क्विंटल. आवक: ९,५००. कमीत कमी दर: ८००. जास्तीत जास्त दर: २,०००. सर्वसाधारण दर: १,७००.

यार्डात वर्षभर वावरलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. एजंटला मात्र यातला जवळजवळ प्रत्येक रकाना समजावून सांगावा लागतो.

आधी परिमाण. १,७०० हा क्विंटलचा भाव, म्हणजे शंभर किलोचा. पुण्याच्या वर्तमानपत्रांत हाच कांदा दहा किलोच्या हिशेबाने छापून येतो, तिथे तो १७० दिसेल. घरी भाजी आणणाऱ्याच्या डोक्यात किलोचा हिशेब असतो, तो म्हणेल १७. हे तिन्ही आकडे खरे आहेत. "कांदा काय भाव चाललाय?" असं एजंटला विचारलं आणि टूलने नुसता १७०० हा आकडा परत दिला, तर एजंट कधी त्याला किलोचा समजेल, कधी दहा किलोचा. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहायचं: सर्व दर रुपयांत, रकान्यातल्या परिमाणाच्या एका एककासाठी. त्याहून चांगलं म्हणजे उत्तरातच आकड्याला चिकटवून एकक द्यायचं, "१,७०० रुपये प्रति क्विंटल". वर्णनात लिहिलेली सूचना लांबच्या संवादात मागे पडू शकते. आकड्याच्या शेजारी लिहिलेलं एकक आकड्याबरोबरच पुढे जातं.

पण हे झालं कांद्याचं. कोथिंबीर, मेथी, शेपू यांची गोष्टच वेगळी आहे. पालेभाजीची आवक जुड्यांवर मोजली जाते. मंडळाच्या तक्त्यात तिच्यापुढे परिमाण नग असं दिसतं आणि यार्डात भाव शेकड्याने बोलला जातो. जुडी केवढी, याला माप नाही. पावसाळ्यात भिजलेली जुडी वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. एका गावाची बांधणी दुसऱ्या गावासारखी नसते. त्यामुळे शेकडा जुडीच्या भावावरून किलोचा भाव काढताच येत नाही. पण एजंटला तुलना करायला सांगितली, की तो उत्साहाने रूपांतर करतो. जुडीचं वजन शंभर ग्रॅम धरू, दोनशे धरू, असं काहीतरी गृहीत धरून नीटनेटका तक्ता मांडतो. तो तक्ता दिसायला इतका व्यवस्थित असतो, की त्याच्या पायाशी निव्वळ अंदाज आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

इथे डॉक्युमेंटेशनने स्पष्ट मनाई करायची असते: "परिमाण नग असलेल्या शेतमालाचं वजनात रूपांतर करू नका. नग आणि क्विंटल यांची एकमेकांशी तुलना करू नका. वापरणाऱ्याने किलोचा भाव मागितला, तर जुडीचं वजन त्यालाच विचारा." टूल काय करतं एवढंच सांगून भागत नाही. त्याच्या उत्तराचं काय करायचं नाही, हेही सांगावं लागतं. बाजारभावाच्या बाबतीत मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

टोमॅटोला आणखी तिसरी तऱ्हा. नारायणगावला टोमॅटो क्रेटवर विकला जातो आणि शेतकऱ्याच्या तोंडी "क्रेटला इतके" असाच भाव असतो. टूलमध्ये भाव क्विंटलचा असेल, तर क्रेट किती किलोचा धरायचा, हे एजंटने शेतकऱ्याकडून कळून घ्यायला हवं, हीसुद्धा वर्णनातली एक ओळ आहे.

सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे

वरच्या ओळीत कमीत कमी ८०० आणि जास्तीत जास्त २,०००. दोन्हींच्या मधोमध १,४०० येतात, पण सर्वसाधारण दर १,७०० आहे. हा दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो भाव. ८०० ला गेलेला माल थोडा असेल, भिजलेला किंवा बदला, म्हणजे हलक्या प्रतीचा. २,००० ला गेलेलाही थोडाच, निवडक गोळा कांदा. बाकीचा माल १,७०० च्या आसपास गेला.

सर्वसाधारण दराचा अर्थ वर्णनात नसेल, तर एजंट त्याला सरासरी म्हणतो. कधी तर तो रकाना सोडून देऊन किमान-कमालची सरासरी स्वतःच काढतो. पन्नास क्विंटल कांदा नेणाऱ्या माणसाच्या हिशेबात १,४०० आणि १,७०० यांतला फरक पंधरा हजारांचा होतो. यावर तो गाडी ठरवतो, उधारी फेडायचा वायदा करतो.

याच ठिकाणी आणखी एक खाच आहे. "गेल्या महिन्यात कांद्याचा सरासरी भाव किती होता?" हा अगदी साधा वाटणारा प्रश्न घ्या. समजा पहिल्या दिवशी १०० क्विंटल माल २,००० ने गेला आणि दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल १,००० ने. दोन दिवसांच्या भावांची साधी सरासरी १,५००. आवकेच्या प्रमाणात वजन देऊन काढली तर १,१००. शेतकऱ्यांच्या हातात प्रत्यक्ष पडलेल्या पैशांच्या जवळचा आकडा दुसरा. टूल यातली कोणती सरासरी देतं, हे डॉक्युमेंटेशनमध्ये नसेल तर एजंट ते अंदाजाने सांगणार. माझ्या मते टूलने आवकेनुसार काढलेली सरासरी द्यावी आणि तसं उत्तरातच नमूद करावं. गणित एजंटवर सोडू नये. लांबलचक याद्यांची बेरीज-गुणाकार करताना भाषा मॉडेल चुकतं आणि साधा प्रोग्रॅम तेच काम न चुकता करतो.

'पुणे' म्हणजे कुठलं पुणे?

माहितीच्या तक्त्यांत पुणे हा एक बाजार आहे, म्हणजे गुलटेकडी. त्याच्याशिवाय पुणे-मोशी, पुणे-पिंपरी, पुणे-खडकी, पुणे-मांजरी हे वेगळे बाजार म्हणून येतात. शिवाय पुणे हा जिल्हाही आहे, त्यात जुन्नर, मंचर, चाकण, बारामती, इंदापूर, दौंड. "पुण्यात भेंडीला काय भाव आहे?" याचं उत्तर द्यायला एजंटने यातलं नेमकं काय शोधायचं?

नाव जुळवून शोधायचं म्हटलं तरी अडचणी आहेत. कुठे नावात मध्येच मोकळी जागा, कुठे आडवी रेघ, कुठे कंस. इंग्रजी तक्त्यांत खडकीचं स्पेलिंगही वेगळं दिसतं. राज्यातल्या तीनशेहून अधिक बाजार समित्या आणि त्यांचे उपबाजार यांत एकसारखी नावं किती सापडतील याची कल्पना करा. म्हणून बाजाराला नावाऐवजी ठरावीक क्रमांक द्यावा आणि नावावरून क्रमांक शोधून देणारं वेगळं छोटं टूल असावं. मग भावाच्या टूलच्या वर्णनात लिहायचं: "आधी बाजार शोधा, मिळालेला क्रमांक इथे द्या. क्रमांक स्वतः तयार करू नका." शेवटचं वाक्य वाचायला विचित्र वाटतं, पण ते लागतं. मोकळा रकाना दिसला की मॉडेल तो शोभेलशा आकड्याने भरून टाकू शकतं.

शेतमालाच्या नावांचंही तेच. मिरची म्हटलं तर हिरवी, ढोबळी की वाळलेली लाल? कांदा लाल की उन्हाळी? बटाटा आग्र्याचा की तळेगावचा? वर्णनात प्रत्येक पर्याय लिहीत बसायला जागा नसते. पण "शेतमालाच्या नावाला एकाहून अधिक नोंदी जुळल्या तर सगळ्या परत येतील, त्यातली कोणती हवी ते वापरणाऱ्याला विचारा" एवढं लिहिता येतं.

तारीख आणि पहाट

केंद्र सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावर देशभरच्या बाजारांचे भाव गोळा करणाऱ्या अ‍ॅगमार्कनेटचे रोजचे भाव मिळतात. तिथे बाजार, शेतमाल, जात, प्रत, आवकेची तारीख आणि तीन दर असे रकाने असतात. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने येते. ०५/०६/२०२५ म्हणजे आपल्याला ५ जून. अमेरिकी मजकुरावर वाढलेलं मॉडेल ती ६ मे म्हणूनही वाचू शकतं. दिवसाचा आकडा १२ च्या पुढे गेला की घोटाळा आपोआप टळतो. म्हणूनच ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत होते आणि चाचणीत सहज निसटते. टूलने तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच घ्यावी आणि द्यावी, हे आराखड्यातच बांधून टाकावं.

'आज' हा तर सगळ्यात अवघड दिवस. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. ती आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख असते. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ही बारीक बाब ठरली असती. भाजीच्या बाजारात मात्र सगळी धांदल नेमकी पहाटेचीच. साडेचार वाजता कोणी "आजची आवक" विचारली, तर टूल काय परत देईल? आणि तारीख बरोबर धरली तरी आजचे आकडे व्यवहार उरकून नोंदी झाल्यावरच येणार, तोवर हाती असतील ते कालचे. म्हणून प्रत्येक उत्तरात दोन गोष्टी हव्यात: भाव कोणत्या दिवसाचा, आणि ही नोंद टूलकडे कधी पोचली. वर्णनात सोबत एक ओळ, "भावाची तारीख आजची नसेल तर ती उत्तरात सांगा."

नोंद नसणं आणि आवक नसणं या दोन गोष्टींची गल्लत तर सर्रास होते. एखाद्या दिवशी ओळच नाही, याचा अर्थ बाजार बंद होता, की माल आला नाही, की आला पण नोंद पोचली नाही? तिन्ही शक्य आहेत. टूलने तिन्हींसाठी शून्य परत दिलं, तर एजंट म्हणेल, "त्या दिवशी आवक झाली नाही." त्यावरून कोणीतरी टंचाईचा निष्कर्ष काढेल. साप्ताहिक सुट्टीबद्दलही एजंटची समजूत शहरी असते, रविवार म्हणजे बंद. गुलटेकडीच्या फळभाजी विभागात तर रविवारच्या आवकेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. सण, हमालांचा बंद, वाहतुकीचा संप हे त्याहून वेगळं. यातल्या प्रत्येक शक्यतेला उत्तरात वेगळा शब्द ठेवावा: बंद, आवक नाही, नोंद उपलब्ध नाही. कारण माहीत नसेल तेव्हा शेवटचा.

शेअर बाजाराच्या टूलला हे सगळं लागू नाही असं कोणाला वाटेल. जून २०२५ मध्ये पुण्याच्याच बजाज फायनान्सच्या शेअरचं विभाजन आणि बोनस एकदम आले. एका शेअरचे दहा झाले आणि नऊ हजारांच्या वरचा भाव एका दिवसात हजाराच्या आत आला. कोणाचंही नुकसान झालेलं नव्हतं. पण टूल जुने भाव नव्या हिशेबात बसवून देतं की मूळचेच देतं, हे वर्णनात नसेल तर एजंट बिनदिक्कत सांगेल की शेअर नव्वद टक्के कोसळला. कुठलाही बाजार घ्या, आकड्यामागचा हिशेब लिहिलेला असावाच लागतो.

चुकलं तर काय सांगायचं

टूल अडलं की ते जो संदेश देतं, तोही एजंट वाचतो आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवतो. म्हणून त्रुटीचा संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग. "त्रुटी ४०४" वाचून एजंटला काही सुचत नाही. तो तीच विनंती पुन्हा पाठवतो किंवा हार मानून आठवणीतला जुना भाव सांगतो. त्याऐवजी असं लिहा: "चिंचवड नावाचा बाजार सापडला नाही. जवळची नावं: पुणे-पिंपरी, पुणे-मोशी. यातला कोणता हवा ते वापरणाऱ्याला विचारा." किंवा, "एका वेळी ३१ दिवसांपर्यंतच माहिती मिळते. कालावधी तुकड्यांत मागा."

या मर्यादेमागेही कारण आहे. मॉडेल एका वेळी किती मजकूर डोळ्यांपुढे ठेवू शकतं याला सीमा असते आणि प्रत्येक शब्दाला खर्च पडतो. राज्यभरच्या बाजारांच्या वर्षभराच्या ओळी त्याच्यापुढे ओतल्या, तर त्यातली हवी ती ओळ हरवण्याचीच शक्यता जास्त. थोडक्यात सारांश आधी, तपशील मागितला तर.

टूलला जे माहीत नाही

आता मोशी की गुलटेकडी या प्रश्नाकडे टूलच्या बाजूने पाहू. टूल दोन्ही बाजारांतला कोथिंबिरीचा कालचा भाव आणि आवक देऊ शकतं. उद्याचा भाव त्याला माहीत नाही. त्याने दिलेला दर शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम नाही. हमाली आहे, तोलाई आहे, वाहतूक आहे. माल कसा आहे, टेम्पो चाकणच्या चौकात किती वेळ अडकेल, कोणता आडत्या हिशेब रोख देतो, हे कुठल्याच रकान्यात नाही.

एजंटला हे सांगितलं नाही तर तो दोन आकडे बघून "गुलटेकडीला न्या, शेकड्याला शंभर रुपये जास्त मिळतील" असा थेट सल्ला देतो. म्हणून वर्णनाच्या शेवटी मर्यादा मोकळेपणाने लिहाव्यात. "हे टूल झालेल्या व्यवहारांचे भाव देतं. पुढच्या दिवसाचा अंदाज देत नाही. दरात वाहतूक आणि हमालीचा खर्च धरलेला नाही. दोन बाजारांची तुलना करताना वापरणाऱ्याचा खर्च विचारा."

कारणांबद्दल तर विशेष जपावं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी मे २०२४ पर्यंत राहिली. त्या काळातल्या भावांचा आलेख मागितला, तर टूल फक्त आकडे देतं, बंदीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. एजंट मात्र "भाव का पडले" हेही सांगायला जातो आणि आवक वाढली, मागणी घटली, अशी कुठेही खपणारी कारणं जोडतो. टूलच्या वर्णनात असावं: "भावातल्या बदलाचं कारण या माहितीतून कळत नाही. कारण सांगायचं असेल तर वेगळ्या स्रोतातून पडताळून सांगा." ज्यांच्या कांद्याला त्या हिवाळ्यात भाव मिळाला नाही, त्यांना चुकीचं कारण ऐकवणं मला तरी क्षम्य वाटत नाही.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. हे टूल फक्त वाचण्यासाठी आहे, त्यातून कोणताही सौदा होत नाही, हे स्पष्ट लिहावं. सौदा नोंदवणारं टूल असेल तर ते वेगळं ठेवावं आणि माणसाच्या होकाराशिवाय चालू नये. आणि शेरा किंवा टिप्पणी असा मोकळ्या मजकुराचा रकाना असेल, तर तिथे कोणीही काहीही लिहू शकतो, अगदी एजंटला उद्देशून सूचनासुद्धा. तो मजकूर माहिती म्हणून वाचायचा, हुकूम म्हणून पाळायचा नाही, हे वर्णनात हवं. शक्य असेल तर तो रकाना एजंटकडे जाऊच देऊ नये.

लिहून झाल्यावर

वर्णन चांगलं झालं की नाही, हे वाचून ठरत नाही. प्रश्नांची यादी करा, लोक खरोखर विचारतात त्या भाषेत: "कोथमिरीला काय भाव मिळला काल", "मोशीला टमाटा कसाय", "मागच्या दिवाळीत झेंडू काय गेला". प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधी लिहून ठेवा आणि ते यार्डातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. त्यातल्या काही प्रश्नांचं बरोबर उत्तर "नोंद उपलब्ध नाही" किंवा "आधी मला हे सांगा" असं असू द्या. मग एजंटला ते सगळे विचारा. वर्णनातलं एक वाक्य बदललं तरी यादी पहिल्यापासून पुन्हा चालवा. मेथीसाठी घातलेल्या ओळीने मिरचीचं उत्तर बिघडू शकतं.

यादी तपासायला माणूस शोधताना कचेरीबाहेर पडा. गाळ्यावर हिशेब लिहिणारा दिवाणजी, तोलणार, रोज माल आणणारा शेतकरी यांना वर्णन मोठ्याने वाचून दाखवा. "जुडीचं वजन धरू नका" हे वाक्य ऐकून त्यांच्यातला कोणीतरी लगेच सांगेल, की अमुक एका मालाला नगही चालत नाही, तो वाट्यावर जातो. ती ओळ तिथल्या तिथे वर्णनात घाला.

आणि वर्णनावर तपासणीची तारीख टाका, कारण कोड तसाच राहूनही मजकूर खोटा पडतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा अडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्याआधी कोणी "हातात येणाऱ्या रकमेसाठी दरातून अडत वजा करा" अशी सूचना लिहून ठेवली असती, तर टूलचे आकडे अचूक राहूनही दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शेतकऱ्याला कमी रक्कम सांगितली गेली असती. नियमावर टेकलेली प्रत्येक ओळ म्हणूनच वेगळी नोंदवा, तिच्यापुढे तो नियम आणि त्याची तारीख लिहा. पणन खात्याचं नवं परिपत्रक आलं की सगळ्यात आधी त्याच ओळी उघडा.